कायद्याची तोंडओळख : फौजदारी कोर्टाची पहिली तारीख



आपल्या या पत्रिकेत लागणीच्या जाती, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त असे विषय नेहमी येतात. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. मी कारखान्याचा सभासद आहे आणि तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. आपल्या गटातील माणसे माझ्याकडे येतात ती बहुधा उशिरा येतात. पहिली तारीख होऊन गेलेली असते, काहीतरी बोलून बसलेले असतात किंवा वॉरंट निघालेले असते. लावणी चुकली तर खोडवा सुधारत नाही, तसेच हे आहे. म्हणून पहिल्या तारखेला काय होते आणि आपण काय करावे, एवढेच आज सांगणार आहे.

कोणी म्हणेल, आम्ही सरळ माणसे, आमचा कोर्टाशी काय संबंध? पण बांधावरून हातघाई होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो आणि रात्री मोटरसायकलवाला येऊन आदळतो. तोडणीची उचल देताना-घेताना लिहून दिलेला चेक परत येतो. दरासाठी रस्ता अडवला म्हणून पन्नास जणांवर एकदम गुन्हा दाखल होतो. यातला एक तरी प्रसंग प्रत्येक गावात घडलेला आहे.

चुलत्यांची गोष्ट

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या चुलत्यांचे शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून भांडण झाले. पावसात बांध वाहून गेला होता, तो चुलत्यांनी परत घातला. शेजाऱ्याचे म्हणणे, सरकवून घातला. दोघांत धराधरी झाली, शेजाऱ्याने फिर्याद दिली, समन्स आले. घरात कोणी म्हणाले, “वकील कशाला? शंभर-दोनशे दंड हुईल, भरून मोकळे व्हा. ऊस तोडीला आलाय.”

चुलते एकटेच गेले. पुकारा झाला, उभे राहिले. साहेबांनी वाचून दाखवले आणि विचारले, “गुन्हा कबूल आहे का?” चुलत्यांना वाटले, भांडण झाले का असे विचारताहेत. खोटे कशाला बोला? ते म्हणाले, “व्हय सायेब. बांध म्याच घातला, त्यावरनं भांडाण झालं, हात लागला.” झाले. तसेच लिहून घेतले, अंगठा झाला, दोनशे रुपये दंड झाला. चुलते दुपारच्या एस.टी.ने घरी आले आणि संध्याकाळी मोळ्या बांधायला गेले. घरात सगळ्यांना बरे वाटले.

पुढच्या वर्षी शेजाऱ्याने बांधाचा दिवाणी दावा लावला. त्यात त्याच्या वकिलाने पहिला कागद काढला तो हाच, कोर्टातल्या कबुलीची सहीशिक्क्याची नक्कल. “बांध मीच घातला” हे यांच्याच तोंडचे वाक्य. कोणत्या जागी घातला आणि का घातला, ते त्यात कुठेच नव्हते. दावा सात वर्षे चालला. शेवटी चार गुंठे सोडून तडजोड करावी लागली. त्या चार गुंठ्यांत आज दुसऱ्याचा ऊस उभा आहे. जाता-येता तो मला दिसतो, म्हणून हा लेख.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

दिवाणी म्हणजे जमीन, पैसा, वाटणी यांचा वाद. फौजदारी म्हणजे गुन्हा. एका भांडणातून दोन्ही निघू शकतात, हे वरच्या गोष्टीत पाहिलेच.

दुसरे म्हणजे कायदे बदलले आहेत. १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. मारहाणीचे ३२३ कलम सगळ्यांना पाठ होते, ते आता ११५ झाले. हत्याराने दुखापतीचे ३२४ होते, ते ११८ झाले. निष्काळजीपणाने मृत्यूचे ३०४-अ होते, ते १०६ झाले आणि त्याची शिक्षाही दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली. ट्रॉली चालवणाऱ्यांनी हे शेवटचे नीट ध्यानात घ्यावे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर मात्र जुनेच कलम लागते. म्हणून समन्सवर ३२३ लिहिले असले तर कागद चुकीचा आहे असे समजू नये.

पहिली तारीख दोन वाटांनी येते

पहिली वाट समन्सची. कोर्टाचा कागद पोलीस घेऊन येतो. त्यावर कोर्टाचे नाव, केस नंबर, कलम आणि तारीख असते. आपण घरी नसलो तर पूर्वी तो घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देत. आता बाईमाणसाकडेही देता येतो, घरातले माणूस सज्ञान असले म्हणजे पुरे. म्हणून घरात सांगून ठेवा, असा कागद आला तर फडताळात टाकू नका. “मला मिळालेच नाही” हे मग चालत नाही. सही करून कागद घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही. फक्त कागद मिळाला, एवढेच.

दुसरी वाट अटकेची. अटक झाली तर का झाली ते सांगितले पाहिजे, घरच्यांना कळवले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले पाहिजे. यातली कारण सांगण्याची आणि चोवीस तासांची गोष्ट राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात लिहिलेली आहे. रविवार असो की दिवाळी, सुट्टीच्या दिवशीही एक मॅजिस्ट्रेट नेमलेला असतो. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी अटक करता येत नाही. अपवाद करायचाच असेल तर महिला पोलीस अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस पुष्कळदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. ती पाळली तर सहसा अटक होत नाही. टाळली तर आपणच अटकेला कारण देतो. साठीच्या पुढचा किंवा आजारी माणूस असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. गावातल्या वयस्कर मंडळींना हे सांगून ठेवावे.

एक हल्लीची गोष्ट. मोबाईलवर कोणी व्हिडिओ कॉल करून “तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे, पैसे भरा” म्हणाले तर सरळ फोन ठेवा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

तारखेच्या आधी

कागद आला की त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा, तारखेच्या सकाळी नव्हे. वकिलाला खरे सांगा. जे घडले ते सगळे, आपल्या चुकीसकट. डॉक्टरला दुखते कुठे ते न सांगता औषध मागितल्यासारखे करू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. हा उपकार नाही, हक्क आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता हा लाभ मिळतो. बाकीच्यांना ठरवलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तिथे अर्ज करावा. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते.

बरोबर न्यायचे कागद असे : समन्स, आधार कार्ड आणि त्याच्या झेरॉक्स, दोन फोटो, घडलेल्या गोष्टीसंबंधी आपल्याकडचे कागद (मोजणीचा नकाशा, दवाखान्याचे कागद, गाडीचे कागद, विमा). आणि शक्यतो जामीनदार. जामीनदाराकडे चालू तारखेचा सात-बारा आणि आठ-अ, किंवा नोकरदार असल्यास पगाराचा दाखला, शिवाय आधार कार्ड आणि फोटो असावा. काही वेळा तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखलाही मागतात. नेमके काय लागेल ते वकिलाला विचारून घ्यावे.

कोर्टातला दिवस

साडेदहापर्यंत आवारात असा. बाहेर त्या दिवसाच्या केसेसची यादी लावलेली असते, तिला बोर्ड म्हणतात. त्यात आपला नंबर पाहून ठेवा. पहिल्या पाचात असला तर अकरा-साडेअकराला पुकारा होईल, साठावा असला तर दुपारही होईल. पण बाजार करून येतो म्हणून जाऊ नका. पुकारा झाला आणि माणूस नाही, एवढ्यावरून वॉरंट निघालेली मी पाहिली आहेत. चहा प्यायला जायचे तरी वकिलाला सांगून जा.

कपडे रोजचे, स्वच्छ असावेत. मोबाईल बंद. तंबाखू, पान बाहेर. कमरेला चाकू, खिशात पानकात्री असेल तर घरीच ठेवा.

आत गेल्यावर उंच जागी बसतात ते मॅजिस्ट्रेट साहेब. त्यांच्या खाली कागद हलवतो तो बेंच क्लार्क, टाईप करतो तो लघुलेखक. सरकारच्या बाजूने उभे राहतात ते सरकारी वकील. फिर्यादीला स्वतःचा वकील द्यावा लागत नाही, सरकारच त्याची बाजू चालवते. दाराशी उभा राहून नाव पुकारतो तो शिपाई. नाव पुकारले की पुढे होऊन आरोपीच्या जागी उभे राहायचे, नमस्कार करायचा. साहेब नाव, वय, धंदा विचारतील, तेवढे सांगायचे. आरोपी हा शब्द ऐकून मान खाली घालू नका. गुन्हा शाबित होईपर्यंत कायद्याच्या नजरेत माणूस निर्दोषच असतो.

मग काय होते? बऱ्याच वेळा पहिल्या दिवशी पाच मिनिटांत काम संपते. वकील वकीलपत्र दाखल करतो, जामीन होतो, दोषारोपपत्राच्या नकला मिळतात, पुढची तारीख पडते. साक्षीदार त्या दिवशी येत नाहीत आणि निकाल त्या दिवशी लागत नाही. आपली बाजू सांगायला वेळ मिळाला नाही म्हणून चिडू नका. तो दिवस पुढे येणार असतो.

नकला फुकट मिळतात. फिर्याद, जबाब, पंचनामा, दवाखान्याचे दाखले हे सगळे त्यात असते. आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्या द्याव्यात असे नव्या कायद्यात आहे. पाने मोजून घ्या आणि मगच सही करा. घरी आल्यावर कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण बचाव त्यातूनच निघतो.

“गुन्हा कबूल आहे का?”

हा प्रश्न मोठ्या केसमध्ये नंतरच्या तारखेला येतो. पण साध्या, समन्सच्या केसमध्ये तो लवकर येतो, कधी पहिल्याच दिवशी येतो. माझे चुलते तिथेच फसले.

या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घ्या. “भांडण झाले होते का?” असा त्याचा अर्थ नाही. “कागदावर लिहिलेला गुन्हा, जसाच्या तसा, तुम्ही केला हे मान्य करून शिक्षा घेता का?” असा त्याचा अर्थ आहे. उत्तर दोनच शब्दांचे : “कबूल आहे” किंवा “कबूल नाही.” त्याच्या पुढे हकीकत सांगत बसू नका. “कबूल नाही” म्हणणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. सरकारने पुराव्याने शाबित करावे, एवढेच आपण म्हणतो. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणावर सक्ती करता येत नाही, हे घटनेच्या २० व्या अनुच्छेदात आहे.

प्रश्न समजला नाही तर बेधडक म्हणा, “साहेब, समजले नाही, पुन्हा सांगावे.” वकील नसेल तर म्हणा, “साहेब, मला वकील नाही, मुदत द्यावी.” साहेब रागावत नाहीत. उलट, न समजता हो म्हणणाऱ्या माणसाची अडचण त्यांनाही नको असते.

मग कबूल कधीच करू नये का? तसे नाही. काही किरकोळ केसमध्ये कबूल करून दंड भरणे शहाणपणाचे असते. पण ते वकिलाशी बोलून, पुढचे परिणाम ऐकून, समजून-उमजून करावे. दंड दोनशेचा असला तरी तो गुन्हा शाबित झाल्याचा शिक्का असतो. पासपोर्टला, सरकारी नोकरीला, चारित्र्य पडताळणीला तो पुढे येऊ शकतो, आणि दिवाणी दाव्यातही.

अटक करून आणले असेल तर

तेव्हा पहिली तारीख म्हणजे रिमांड. पोलीस तपासासाठी कोठडी मागतात. साहेब विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मारहाण केली का?” मारले असेल तर त्याच क्षणी सांगा, वळ दाखवा. नंतर सांगितलेल्या तक्रारीला तेवढे वजन राहत नाही. मारले नसेल तर उगीच सांगू नका.

मग दोनपैकी एक होते. पोलीस कोठडी म्हणजे पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंगात, पण कोर्टाच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी झाली म्हणून घरची माणसे रडू लागतात. खरे तर पोलिसांचा चौकशीचा ताबा तेव्हा बहुधा संपतो आणि जामिनाच्या अर्जाला सहसा वाट मोकळी होते. घरच्यांनी त्या दिवशी वकील घेऊन कोर्टात असावे. कोणी नसेल तर कोर्टातच विधी सेवेचा वकील मागावा.

तपास ठरलेल्या मुदतीत संपला नाही, म्हणजे गुन्ह्याच्या गंभीरतेप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. पण तो मागावा लागतो, आपोआप कोणी सोडत नाही.

जामीन आणि जामीनदार

काही गुन्हे जामीनपात्र असतात, त्यांत जामीन हा हक्कच आहे. जामीनदार मिळाला नाही आणि माणूस खरोखर गरीब असला तर त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडावे असे कायदा सांगतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो साहेबांच्या विवेकावर असतो, एवढाच फरक.

आता जे जामीन राहतात त्यांना दोन शब्द. आपल्याकडे सात-बारा मागायला आला की नाही म्हणवत नाही. पण तो माणूस तारखेला आला नाही तर जामिनाची रक्कम आपल्याकडून वसूल होते. याआधी किती जणांना जामीन आहोत हेही कोर्टाला लिहून द्यावे लागते. पाव्हण्याला जामीन राहा, पण त्याच्या तारखा आपल्याही कॅलेंडरवर लिहा. आणि आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतात, त्यांच्या नादी बिलकूल लागू नका. बनावट कागद निघाला तर एका गुन्ह्याचे दोन होतात.

तारीख आणि तोड

आपल्या लोकांची खरी अडचण ही आहे. सोमवारी तारीख असते आणि रविवारी रात्री टोळी फडात उतरते. टोळी गेली तर पुन्हा पंधरा दिवस येत नाही. मग माणूस म्हणतो, एक तारीख चुकली तर काय होते?

काय होते ते सांगतो. आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. मागच्या एका हंगामात एका सभासदाला वजनकाट्यावरून पोलीस घेऊन गेले. ट्रॉली भरलेली तशीच उभी राहिली. शिवाय जामिनावर असताना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा आता न्याय संहितेच्या २६९ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

यावर उपाय साधा आहे. अडचण खरी असेल तर आदल्या दिवशी वकिलाला सांगावे. तो तारखेला हजेरी माफीचा अर्ज देतो. दवाखान्याचा कागद किंवा ऊसतोडीची चिठ्ठी जोडली तर बरे. साहेब बहुधा मंजूर करतात, पण दरवेळी नाही. पहिल्या तारखेला मात्र स्वतः जावेच, कारण जामीन व्हायचा असतो. आणि वॉरंट निघालेच तर लपून बसू नये. स्वतःहून वकिलाबरोबर कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्दचा अर्ज द्यावा. आपल्या पायाने आलेल्या माणसाला कोर्ट वेगळ्या नजरेने बघते.

पुढची तारीख विसरू नये म्हणून आता सोय झाली आहे. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. नंबर असतो. मोबाईलवर ई-कोर्टस् सर्व्हिसेसमध्ये तो घातला की तारीख दिसते. मुलाला-नातीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देतील.

मिटवायचे असेल तर

साध्या दुखापतीसारखे काही गुन्हे, ज्याला लागले त्याच्या संमतीने कोर्टात मिटवता येतात. चेकच्या केसमध्येही तडजोड होते आणि ती जितकी लवकर तितकी स्वस्त पडते. पण सगळे गुन्हे असे मिटत नाहीत. आणि चावडीवर मिटले म्हणजे कोर्टात मिटले असे नव्हे. कोर्टात तसा अर्ज देऊन हुकूम होईपर्यंत तारखा चालूच राहतात. समोरच्या साक्षीदाराला मात्र एकट्याने गाठून समजवायला जाऊ नका, त्यातून नवा गुन्हा उभा राहतो आणि जामीनही रद्द होऊ शकतो.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. समन्स आले की त्याच आठवड्यात वकील गाठा. ऐपत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा.
२. पहिल्या तारखेला स्वतः, वेळेवर, कागद आणि जामीनदारासह हजर राहा.
३. न समजता “होय” म्हणू नका. समजले नाही तर पुन्हा विचारा.
४. न वाचता, न ऐकता कोठेही सही-अंगठा देऊ नका.
५. नकला मोजून घ्या, जपून ठेवा.
६. कोठडीत मारहाण झाली असेल तर साहेबांना तिथेच सांगा.
७. तारीख चुकवू नका. चुकलीच तर स्वतःहून हजर व्हा.

माझे चुलते आता नाहीत. शेवटपर्यंत ते म्हणायचे, “म्या खरं बोललो, आन् जमीन गेली.” मी त्यांना सांगायचो, “आण्णा, खरे बोललात म्हणून नाही गेली. प्रश्न न कळता उत्तर दिलेत म्हणून गेली.” त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. निदान वाचणाऱ्या सभासदांना तरी पटावे.

पत्रिका वाचून झाली की घरात ठेवा, आणि शेजारी कोणाला समन्स आले असेल तर त्याला वाचायला द्या.

— एक सभासद वकील